‘बाईमाणूस’मधला ‘माणूस’

परभणीच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, ‘बाईमाणूस’ हा शब्द स्त्रीला माणूस म्हणून मान देतो की तिचे माणूसपण उणे करतो, आणि तो लेखनात वापरावा का.

शब्दाला दोष देण्याआधी त्याची जोडी पाहावी. मराठवाड्यात ‘गडीमाणूस’ही तितकाच रुळलेला आहे, त्यामुळे आधी ‘बाई’ लागली एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. फरक पुढच्या शब्दांत दिसतो. ‘गडीमाणूस कुठंही निजतो’, पण ‘बाईमाणूस एकटं कसं जाईल?’ ‘एकटं’ हे नपुंसकलिंग लेकरू, वासरू यांच्या पंगतीतले, म्हणजे ज्याची राखण करायची त्याचे. (‘लई भलं माणूस’ असे पुरुषालाही म्हणतात; तिथे माया असते, राखण नसते.)

माझ्या मते खरी गोम नुसत्या ‘माणूस’मध्ये आहे. सोयाबीन काढणीचा हिशेब सांगताना ‘दोन माणसं आणि चार बाया लावल्या’ असे सहज म्हटले जाते, आणि त्या चार बाया माणसांच्या बेरजेतून अलगद गळतात. फ्रेंच विचारवंत सिमोन द बोव्हार यांनी १९४९ साली ‘द सेकंड सेक्स’मध्ये नेमके हेच दाखवले की, पुरुष हा पुरुषही असतो आणि मानवमात्राचा प्रतिनिधीही, तर स्त्री ‘इतर’ ठरते. मग उपाय कोणता, यावर मात्र स्त्रीवादात एकमत नाही. समतावादी म्हणतात, ‘माणूस’ शब्दात स्त्रीला पूर्ण जागा द्या. लूस इरिगारे यांच्यासारख्या भेदवादी, म्हणजे स्त्रीचे वेगळेपण जपा म्हणणाऱ्या, विचारवंतांना तो साचाच पुरुषाच्या मापाचा वाटतो, म्हणून ‘बाई’ पुसणे त्यांना तोट्याचे वाटेल. शिवाय, कोणती बाई? शाळेतल्या ‘बाई’ आणि खुरपणीच्या ‘बाया’ यांचा शब्द एक, मान एक नाही. दलित स्त्रिया वेगळे बोलतात, हे राज्यशास्त्रज्ञ गोपाळ गुरू यांनी १९९५ मध्ये मांडले आणि १९९८ मध्ये समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी त्या वेगळेपणाचीच चिकित्सा केली, तेव्हा वाद याच दुखऱ्या जागी होता.

तेव्हा संवादात ‘बाईमाणूस’ खुशाल ठेवावा, निवेदनात ‘स्त्री’ लिहावे. ‘व्यक्ती’ही चालेल, तो शब्द स्त्रीलिंगी असूनही कोणा पुरुषाला त्यात कमीपणा वाटल्याचे ऐकिवात नाही. मजूर मोजायचे असतील, तर बांधावरचीच जुनी रीत पुरते: ‘दोन गडी, चार बाया, भाकरी सहा माणसांच्या.’