मुलाला घरीच शिकवायचं ठरवलंय. सुरुवातीला कोणतं साहित्य आणि कोणती उपकरणं घ्यावीत?

तुम्ही खाली लिहिलंय की मुलगा दुसरीत आहे, जूनपासून घरी शिकवणार, बजेट पंधरा-वीस हजार. यादीत स्टडी टेबल, व्हाइटबोर्ड, टॅब, सायन्स किट आणि प्रिंटर. यातलं आत्ता काहीही घेऊ नका. वह्या, पुस्तकं, कंपास, भिंतीवर काळा रंग मारून केलेला फळा हे तुम्हाला मी सांगायला नको. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट उतरवून घेता येतात आणि छापील हवी असतील तर तीही महाग नाहीत.

मी सांगलीची. मुलीला तिसरीनंतर शाळेतून काढलं. का काढलं ते वेगळं उत्तर आहे, इथे नको. तुमच्या यादीतला टॅब वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहायला बसले.

आमचे थोरले भावजी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. माणूस चांगला, शाळेसाठी पदरचे पैसे घालणारा. पण आमचा निर्णय त्यांच्या फार जिव्हारी लागला, आणि त्याला कारणही होतं. शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण निघालं की हेच वीटभट्ट्यांवर आणि ऊसतोड मजुरांच्या पालांवर वह्या घेऊन फिरणार, आणि सख्खी पुतणी घरात बसलेली. ते माझ्याशी थेट बोलत नाहीत, नवऱ्याला म्हणतात, "तिला सांग, घरात शाळा करायची तर प्रयोगशाळा कुठून आणणार?" मग स्वतःच उपाय काढला. एका कंपनीचा माणूस घेऊन आले आणि हप्त्यावर टॅब घेतला. पहिला हप्ता त्यांनी भरला, पुढचे आमच्या खात्यातून. बंद करायला फोन केला की, "मॅडम, वर्षभराचा करार आहे."

टॅबमधले व्हिडिओ वाईट नव्हते. पण पोरगी उत्तराला हात लावायची आणि पडद्यावर चांदण्या उडायच्या. चुकलं तरी "छान प्रयत्न!" थोड्याच दिवसांत तिच्या लक्षात आलं की चारही पर्याय एकामागून एक दाबले की चांदण्या येतातच.

आता तराजूचं सांगते. आमचं किराणा दुकान गणपती पेठेत आहे. २०१९ च्या पुरात दुकानात पाणी शिरलं आणि इलेक्ट्रॉनिक काटा गेला. सासऱ्यांच्या काळातला दांडीचा तराजू माळ्यावर होता म्हणून कोरडा राहिला. साफसफाई झाल्यावर नवा काटा येईपर्यंत दुकान त्यावरच चाललं, मग तो परत माळ्यावर गेला. मुलगी घरी राहायला लागली तेव्हा मी तो खाली काढला. पितळी पारडी, साखळ्या, आणि लोखंडी वजनं ५० ग्रॅमपासून दोन किलोपर्यंत. वजनाच्या बुडाला शिसं भरलेलं असतं आणि त्यावर वजनमाप खात्याचा शिक्का. ते शिसं कशासाठी, यावरच तिचे प्रश्न सुरू झाले. ओतीव लोखंड नेमक्या वजनाचं निघत नाही, म्हणून खड्डा ठेवतात आणि शिसं घालून वजन बरोबर करतात. सासऱ्यांना हे पाठ होतं. नातीला सांगताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

तिला म्हटलं, दीडशे ग्रॅम शेंगदाणे तोल. शंभराचं नि पन्नासचं वजन टाकून तिने तोलले. मग मी शंभराचं वजन काढून घेतलं आणि म्हटलं, आता तोल. बराच वेळ बसली. मग दोनशेचं एका पारड्यात टाकलं आणि पन्नासचं शेंगदाण्यांच्या बाजूला. हेच गणित वहीत "x + ५० = २००" असं लिहिलं असतं तर ती जांभया देत बसली असती. पुढे वाळूच्या पिशव्या केल्या, फक्त चार, १, ३, ९ आणि २७ च्या मापाच्या. तेवढ्यावर १ पासून ४० पर्यंतचं कुठलंही पूर्ण वजन तोलता येतं, फक्त पिशव्या दोन्ही पारड्यांत टाकायची मुभा हवी. करून बघा, मोठ्यांनाही घाम फुटतो.

खरी गंमत पुढे झाली. एका रविवारी भावजी, जाऊबाई, सगळे जेवायला होते. पोरगी मध्येच म्हणाली, "आजोबा, तराजू खोटा आहे." सासरे ताटावरून उठायचेच बाकी राहिले. ज्या माणसाने हयातभर त्या तराजूवर धंदा केला, त्याला नातीने सगळ्यांसमोर हे म्हणायचं! भावजी लगेच नवऱ्याला म्हणाले, "बघ, वडीलधाऱ्यांशी कसं बोलायचं हे शाळेत शिकवतात."

तिने तिथेच दाखवलं. रिकामी पारडी समोरासमोर उभी. दोन्हीकडे किलोचं एकेक वजन ठेवलं की डावं पारडं झुकायचं. भावजी म्हणाले, डावीकडचं वजन जड असेल. तिने वजनांची अदलाबदल केली. तरीही डावंच झुकलं. म्हणजे वजनं निर्दोष, दांडी दोषी. मधला आधार झिजून एका बाजूला सरकला होता आणि दांडीचे दोन हात सारखे राहिले नव्हते. किती वर्षांपासून, ते देव जाणे.

सासरे दोन वेळा नीट जेवले नाहीत. मग आपणहून तिला बोलावून म्हणाले, "खोट्या तराजूवरबी खरं तोलता येतंय, ये." गूळ डाव्या पारड्यात ठेवला, उजवीकडे काटा मधोमध येईपर्यंत वाळू ओतली. मग गूळ काढला आणि त्याच डाव्या पारड्यात वजनं टाकत गेले, काटा परत मधोमध येईपर्यंत. वजनं गुळाच्याच जागी बसली, त्यामुळे दांडी कितीही वाकडी असली तरी फरक पडत नाही. ही युक्ती ते त्यांच्या वडिलांकडून शिकले होते.

भावजींचं म्हणणं आजही तेच आहे की खोट्या तराजूवर मुलीला काय शिकवणार. भावजी हे वाचणार नाहीत, पण तरीही लिहिते. प्रयोगशाळा म्हणजे कपाटात कुलूपबंद चंबूपात्रं नव्हेत. भावजी, तुमच्याच शाळेतल्या किटची पेटी तपासणीच्या आदल्या दिवशी उघडते, हे तुम्हीच जेवताना सांगितलंय.

तर तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडचं उत्तर: मोजायची साधनं घ्या, शिकवायची नकोत. तराजू, शिवणकामाची टेप, चुना आखायची लांब टेप, थर्मामीटर, सेकंदकाटा असलेलं घड्याळ, मापपात्रं. कारण घरात शिकवताना सगळ्यात मोठी अडचण साहित्याची नसते. आईच शिक्षक असते, आईच परीक्षक आणि आईच भाकरी वाढणारी. "चुकलंस" हे दिवसभर आईच्याच तोंडून ऐकलं तर मूल चार दिवसांत वैतागतं आणि आई त्याच्याही आधी. काटा झुकला की भांडण मूल आणि काट्यामधलं. मी तिथून बाजूला.

सांगलीत राहत असाल तर एक साधन फुकट मिळतं, ते म्हणजे कृष्णा. पावसाळ्यात इथे माणसं भेटल्यावर आधी "आयर्विनला किती फूट?" विचारतात, म्हणजे आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी किती. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी, आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं. पेपरात रोज कोयनेचा साठा टीएमसीत, विसर्ग क्युसेकमध्ये आणि आयर्विन पुलाची पातळी फुटांत येते. एका रजिस्टरमध्ये तीन रकाने आखून दिले आणि रोज भरायला सांगितलं. तिचा पहिला प्रश्न आला, क्युसेकचं टीएमसी कसं करायचं? एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. दिवसाचे सेकंद ८६,४००. भागाकार केला की साधारण ११,५७४ क्युसेक विसर्ग दिवसभर चालला तर धरणातून एक टीएमसी पाणी जातं. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी. हे हातात आल्यावर तिला बातमी कळायला लागली. पेठेतल्या कितीतरी मोठ्या माणसांना ती कळत नाही, नुसता आकडा ऐकून शटर ओढतात. (मी पण ओढते. २०१९ बघितलेला माणूस शटर ओढणारच.)

आलेख कागदावर विसर्ग आणि पातळी एकाखाली एक काढल्यावर पाणी चढायला मध्ये वेळ जातो हे दिसलं. मग कोयना कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते, वारणा आमच्या खाली हरिपूरला, असा नकाशा आला. मग वरची धोम, कण्हेर ही धरणं. मग खाली कर्नाटकातलं अलमट्टी धरण. अलमट्टीवर घरात मोठ्यांचंच भांडण लागलं, तिने वही मिटली. भूगोलाला मी वेगळं पुस्तक फारसं उघडलं नाही.

पर्जन्यमापकही विकत घेऊ नका. सरळ भिंतीची, सपाट बुडाची बरणी उघड्यावर ठेवा आणि पट्टीने मिलिमीटर मोजा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. मग गच्चीचं क्षेत्रफळ काढून आपल्या गच्चीवर किती पाणी पडलं ते तिला काढू दे. क्षेत्रफळ कशाला शिकायचं हे परत समजावावं लागत नाही.

सायन्स किटऐवजी सायकलच्या दुकानातून व्हॉल्व्ह ट्यूब आणा आणि काड्यापेट्या. ट्यूबच्या तुकड्यांनी काड्या जोडून त्रिकोण, चौकोन, घन करायचे. चौकोन दाबला की वाकडा होतो, त्रिकोण होत नाही, आणि मग कैच्यांचं, म्हणजे त्रिकोणी सांगाड्यांचं छप्पर बघायला बाहेर पडायचं. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांनी हे देशभरच्या मुलांपर्यंत नेलं, त्यांचं काम शोधून बघा. एक चांगलं भिंग घ्या, त्यात कंजुषी करू नका. प्रिंटर नको, शाई वाळते, झेरॉक्सवाला बरा. टेबल नको, दुसरीतलं पोर टेबलाखाली जास्त बसतं. वाचनालयाचं सभासदत्व मात्र आजच घ्या. 'किशोर' मासिक सुरू करा. बालभारती ते १९७१ पासून काढतेय आणि जुने अंक वाचताना आमच्या घरात रांग लागते.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. आमचं दुकान घराखालीच आहे, सासरे घरात असतात, मुलगी एकटी. दोघंही आठ तास बाहेर जाणार असाल तर तराजू काही करणार नाही, आणि मूल सांभाळायला टॅबच पुढे येईल. भाषेत मी कच्ची आहे. तिचं हस्ताक्षर वाईट आहे आणि निबंध दोन ओळींत संपतो. त्याला मापाचं साधन मला सापडलेलं नाही. वर्गातल्या मुलांची जागा घरात कोणी भरून काढत नाही. संध्याकाळी मैदान हवंच.

कायद्याचं थोडक्यात. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, वय ६ ते १४. त्याच्या कलम १० मध्ये मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण न घातल्यास पालकांना दंड लिहिलेला नाही. घरी शिकवायची स्पष्ट परवानगीही कुठे लिहिलेली नाही. या फटीत आपण बसतो, हे माहीत असून बसा. सर्वेक्षणाला शिक्षक दारात आले तर त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना नेमून दिलेलं काम आहे, वह्या दाखवा आणि चहा द्या. दहावीसाठी एनआयओएस, म्हणजे केंद्राची राष्ट्रीय मुक्त शाळा आहे, त्याला १४ वर्षं पूर्ण लागतात, मराठी माध्यम घेता येतं, नोंदणी पाच वर्षं चालते आणि त्यात नऊ वेळा परीक्षेला बसता येतं. विज्ञान घेतलं तर प्रात्यक्षिक असतं, ते घरच्या बरणीवर भागत नाही. राज्य मंडळाकडून बसवायचं तर सतरा नंबरचा फॉर्म, खासगी विद्यार्थी म्हणून. त्याच्या अटी त्या वर्षीच्या परिपत्रकात बघा.

आणि एक जाड फाइल घ्या. तुमच्या पंधरा हजारांतली पहिली खरेदी तीच. जन्मदाखला, आधार आणि शाळा सोडल्याचा दाखला, मूळ प्रत आणि झेरॉक्सचे गठ्ठे. दाखला हातात पडला की शाळेच्या ऑफिसातच उभं राहून वाचा. नाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकात आणि अक्षरात, जन्मठिकाण, जातीची नोंद. पुढे जातीचा दाखला काढताना हाच कागद मागतात. क्लार्क म्हणेल, "मॅडम, घरी जाऊन बघा." घरी जाऊ नका. एक काना चुकला तरी तिथेच दुरुस्त करून मागा, नंतर पोराचं नाव पटावर नसतं आणि तुमची चक्कर कोणी मोजत नाही.