'स्त्रीमदजन'मधला मद कोणता?

नागपूरच्या धरमपेठेतल्या बारावीच्या एका मुलीने विचारलं आहे: जुन्या विश्वकोशात इस्ट्रोजेन या संप्रेरकाला (हॉर्मोनला) 'स्त्रीमदजन' म्हटलंय. यातला मद म्हणजे नशा की गर्व? आणि हा शब्द मी वापरू का?

दोन्ही नाही, बेटा. हा मद म्हणजे माज, मादीला नराची ओढ लागते तो काळ. आपल्याकडे काटोल-कळमेश्वरकडचा शेतकरी 'गाय माजावर आली' म्हणतो, तोच. संस्कृत 'माद्यति'चं प्राकृतात 'मज्जइ' झालं आणि मराठीत 'माजणे'. पैशाचा माज त्याच घरातला. गाय दर 21 दिवसांच्या आसपास माजावर येते, हंबरते, बळस (चिकट स्राव) टाकते.

आता गंमत बघ. इस्ट्रोजेनमधला 'इस्ट्रो' ग्रीक 'ओइस्ट्रोस'वरून आला, आणि ओइस्ट्रोस म्हणजे गुरांना चावून उधळायला लावणारी गोमाशी! म्हणजे मूळ शब्द गोठ्यातला आणि आपला पर्यायही गोठ्यातलाच. भाषांतरकाराला शंभर गुण. अ‍ॅलन आणि डॉइझी या अमेरिकी संशोधकांनी 1923 मध्ये अंडाशय काढलेल्या उंदरांना डुकरिणीच्या अंडपुटकातला (अंडाशयातल्या बीज वाढणाऱ्या पिशवीतला) द्रव टोचला, तर त्या माद्या माजावर आल्या. नावाचं मूळ तिथलं.

माझी तक्रार 'स्त्री'बद्दल आहे. एक तर बाईला माज नसतो, तिला मासिक पाळी असते. दुसरं, हा स्राव पुरुषातही बनतो. कोलेस्टेरॉलपासून पायरी पायरीने टेस्टोस्टेरॉन हे 'पुरुषी' संप्रेरक तयार होतं आणि अरोमाटेज नावाचं विकर (एन्झाइम) त्याचंच इस्ट्राडिओल, म्हणजे एक इस्ट्रोजेन, करतं. अंडाशयात, पण चरबीत आणि मेंदूतही. मुलाच्या हाडांची टोकं बंद होऊन उंची थांबते तीसुद्धा इस्ट्रोजेनमुळेच. उलट अंडाशय टेस्टोस्टेरॉनही बनवतं. मग 'पौरुषजन' हा पुरुषी संप्रेरकांसाठीचा शब्द तरी कुठे सरळ राहिला?

काम झालं की यकृत इस्ट्रोजेनला दुसऱ्या रेणूंची जोड देऊन पाण्यात विरघळण्याजोगं करतं आणि ते लघवीवाटे जातं. म्हणूनच बुटेनान्ट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला 1929 मध्ये इस्ट्रोन हे आणखी एक इस्ट्रोजेन गरोदर बायकांच्या लघवीतून वेगळं करता आलं.

परीक्षेत इस्ट्रोजेनच लिही, हॉर्मोनला संप्रेरक म्हटलं तरी चालेल. पण सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला, तर शेतकऱ्याशी बोलताना 'माज' म्हण. त्याला लगेच समजेल.