झाडाच्या बुंध्यापाशी

नाताळच्या झाडाविषयी यंदा आलेली पत्रं बहुतेक बुंध्याबद्दलची आहेत. स्टँड उघडा दिसतो, बादली कलते, कुंडी पाझरते. आमच्या मते बुंध्याचा क्रम ठरलेला आहे: आधी तो घट्ट असावा, मग कोरडा, आणि त्यानंतर सुंदर. हा क्रम उलटला की झालर कितीही महाग असली तरी चार दिवसांत काढून टाकावी लागते.

प्रश्न : आमचं प्लास्टिकचं झाड सहा फुटी आहे, स्टँड तीन पायांचा. स्टँड झाकायला त्याला खणाचा घेर शिवायचा आहे. मागच्या वर्षी गोल कापून शिवला तर कडेला सगळ्या चुण्या पडल्या. कापड किती घ्यावं आणि बेतावं कसं?
– एक वाचक भगिनी, कॅम्प, बेळगाव

उत्तर : ताई, चुण्या पडल्या त्यात शिवणाऱ्याच्या हाताचा दोष नाही. गोलाची बाहेरची कड ही आतल्या वर्तुळापेक्षा लांब असते. ती आत दुमडली की जास्तीच्या कापडाला जागा उरत नाही आणि ते गोळा होतं. गोलच हवा असेल तर कड दुमडू नका, उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या कापडाची पट्टी लावा. 48 इंच व्यासाच्या घेराला बाहेरून साधारण 151 इंच, म्हणजे जवळजवळ चार मीटर पट्टी लागते.

पण खण घेताच आहात तर आम्ही गोल घेर सुचवणार नाही. खणाची शोभा त्याच्या काठात असते आणि गोल कापताना नेमका काठच वाया जातो. त्यापेक्षा आठ कळ्यांचा, म्हणजे वर निमुळत्या होत जाणाऱ्या आठ तुकड्यांचा अष्टकोनी घेर शिवा. त्यात प्रत्येक कळीची खालची कड सरळ असल्यामुळे काठ आपोआप बाहेरच्या बाजूला येतो आणि खाली दुमड घालावीच लागत नाही.

आधी झाडाच्या सगळ्यात खालच्या फांद्यांचा पसारा मोजा. घेर त्याच्याबाहेर दोन्ही बाजूंना चार-चार इंच हवा. तुमचा पसारा 40 इंच धरला तर घेर 48 इंच, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत 24. या 24 ला 0.83 ने गुणलं की कळीची खालची रुंदी मिळते, 20 इंच. मधलं भोक चार इंचांचं, त्याचं मध्यापासूनचं अंतर 2. तोच गुणाकार केला की वरची रुंदी येते पावणेदोन इंचांच्या जरा आत. कळीची उंची 24 वजा 2, म्हणजे 22. आता दोन्ही बाजूंना शिवणीचा अर्धा-अर्धा इंच धरून खाली 21, वर पावणेतीन असं कापा. उंचीत फक्त वरच्या बाजूला अर्धा इंच वाढवा, खाली काठ आहेच. चार फुटी झाडाला घेर 36 इंच पुरतो. तेव्हा 18 ला 0.83 ने गुणून खालची रुंदी 15 धरा.

खालच्या रुंदीत अर्ध्या इंचाचीसुद्धा चूक करू नका, कारण ती आठ वेळा मोजली जाते. रुंदी कमी पडली तर घेर छत्रीसारखा मध्ये उठतो, जास्त झाली तर कडेला लाटा येतात. म्हणून आधी वर्तमानपत्राच्या आठ कळ्या कापा, चिकटपट्टीने जोडा आणि जमिनीवर पसरून पाहा. सपाट बसल्या तरच खणाला कात्री लावा.

पारंपरिक खणाचा पन्हा लहान असतो, साधारण 31 इंच; यंत्रमागावरचा मोठाही मिळतो. दुकानात टेप लावूनच घ्या. दोन्ही अंगांना काठ असेल तर कळ्या उलटसुलट मांडा, एकीचं बूड या काठाला, दुसरीचं त्या काठाला. असं बेतलं की पावणेतीन मीटरमध्ये आठही कळ्या निघतात. खणावरच्या बुट्टीला खालवर असेल, म्हणजे कमळ किंवा मोर असेल, तर मात्र उलटसुलट चालणार नाही. सगळ्या एकाच दिशेने कापाव्या लागतील आणि साडेचार मीटर कापड लागेल. गुळेदगुड्डच्या जुन्या पद्धतीच्या खणात बारीक, चौफेर सारखी दिसणारी बुट्टी मिळते. आमची पसंती तिला.

खण कापला की धागे सुटतात. कापलेल्या प्रत्येक कडेला लगेच इंटरलॉक मारून घ्या, शिवायला उद्या बसलात तरी चालेल. आतून मांजरपाटाचं अस्तर लावा, पण मांजरपाट आधी धुवून वाळवा. ते पहिल्या पाण्यात आटतं, आणि शिवल्यावर आटलं तर वरचा खण फुगतो. सात शिवणी घाला, आठवी उघडी ठेवा, तिच्या दोन्ही कडांना उरेब पट्टी आणि नाड्यांच्या तीन जोड्या लावा. ही उघडी बाजू भिंतीकडे राहील.

स्टँडच्या तीन पायांमध्ये जुनी चादर घडी करून भरा. नाहीतर पायांवर कापड ताणलं जातं, मधे खड्डे पडतात आणि घेर तंबूसारखा दिसतो.

प्रश्न : बांधावरच्या सुरूचा पाच फुटी शेंडा आणतो आणि बादलीत माती भरून लावतो. दोन दिवसांत कलतो, पाणी घातलं की लाल चिखल फरशीवर येतो. बादली झाकायला लावलेलं पोतंही ओलं होऊन वास मारतं.
– एक वाचक, निपाणी

उत्तर : दादा, माती काढून टाका, वाळू भरा. माती ओली झाली की मऊ पडते आणि बुंधा तिच्यात फिरतो. वाळू ओली झाली की आवळून धरते. वजनही पाहा: एक लिटर कोरडी वाळू साधारण दीड किलो भरते, म्हणजे 15 लिटरची बादली बावीस-तेवीस किलोंची होते. पाच फुटी शेंड्याला एवढं वजन हवंच. दहा लिटरच्या बादलीवर भागवू नका, मांजराच्या एका उडीत झाड आडवं होईल.

लावण्याआधी बुंध्याचं टोक करवतीने अर्धा-एक इंच पुन्हा कापा. तोडल्यावर थोड्याच वेळात कापाचं तोंड सुकून बंद होतं आणि मग पाणी वर चढत नाही. बुंधा बादलीच्या तळाला टेकला पाहिजे. तळाशी त्याच्याभोवती विटेचे तीन तुकडे तिन्ही बाजूंनी पाचरीसारखे ठोका. झाडाचा कल सगळा इथेच थांबतो, वाळू फक्त मदतीला. मग वाळू तीन थरांत भरा आणि प्रत्येक थर पाणी शिंपडून काठीने ठोसा. वर दोन इंच जागा मोकळी सोडा. रोज सकाळी बोट खुपसून पाहा, आत कोरडं लागलं तरच अर्धा लिटर पाणी.

पोत्याला वास येतो कारण त्याचं तोंड तुम्ही बादलीच्या आत दुमडलं असणार. ताग वाळूला टेकला की पाणी दिव्याच्या वातीसारखं वर चढतं आणि पोतं बाहेरून खालपर्यंत भिजतं. पोत्याचं तोंड बाहेरच्या बाजूला दुमडा, बादलीच्या काठाच्या बोटभर खाली, आणि सुतळीने बांधा. बादलीखाली जाड प्लास्टिक, त्यावर ताट. वाळूचा वरचा भाग झाकायला नदीतले गोटे ठेवा. ते भिजले तरी बिघडत नाहीत. घरात जुनं घोंगडं असेल तर पोत्याऐवजी तेच गुंडाळा. आपल्याकडच्या मेंढ्यांची काळी-करडी लोकर हिरव्या सुरूखाली फार देखणी दिसते, आणि लोकर सुतासारखी चटकन पेट घेत नाही. सण झाल्यावर दोन उन्हं दाखवून ठेवा, नाहीतर कसर लागते.

प्रश्न : बर्फासारखं दिसावं म्हणून बुंध्याभोवती कापूस पसरतो. येशूजन्माच्या देखाव्यातल्या गव्हाणीत उसाचं पाचट घातलं तर चालेल का?
– संकेश्वरहून एका शाळकरी मुलीचं पत्र

उत्तर : बाळ, कापूसही नको आणि पाचटही नको. मोकळा पसरलेला कापूस ठिणगी पडताच पेटतो, आणि वर झाड असतं. पाचट तर चुलीत घालायचीच वस्तू, शिवाय त्याच्या पात्यांनी बोटं कापतात. पांढरं हवंच असेल तर मांजरपाटाचा तुकडा पिळून वाळव. त्या सुरकुत्या बर्फाच्या उंचसखल थरासारख्या दिसतात.

तसं पाहिलं तर नाताळला आपल्याकडे बर्फ नसतो, भाताची मळणी उरकलेली असते. दोन उन्हं दिलेला पेंढा मूठभर घे आणि तेवढाच गव्हाणीत घाल, जमिनीवर पसरू नकोस. गव्हाणीत दिवा लावायचा तो बॅटरीवरचा लहान एलईडी. मेणबत्ती झाडाच्या आसपासही नको.

प्रश्न : नाताळचं झाड म्हणून कुंडीतलं अरौकारिया दर डिसेंबरात घरात घेतो. मातीच्या कुंडीला गुंडाळलेलं कापड काळं पडतं. खालच्या फांद्याही गळून बुंधा उघडा पडलाय. नव्या फुटतील ना?
– एक कुटुंब, खानापूर तालुका

उत्तर : नाही फुटणार. अरौकारियाच्या फांद्यांचे मजले एकावर एक चढत जातात. खालचा मजला गेला की त्या जागी नवा येत नाही. म्हणून आहेत त्या जपा. हे झाड खिडकीजवळ ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांत परत अंगणात न्या. अंधारा कोपरा, एकदम कोरडी पडलेली माती आणि जड काचेचे गोळे, या तिन्हींनी खालच्या फांद्या आधी जातात. दागिने हलके घ्या, तेही वरच्या मजल्यांवर.

खानापूरची भाजकी कुंडी श्वास घेते, हा तिचा गुण आहे. तिच्या अंगातून ओल बाहेर येते, सोबत मातीतले क्षारही, आणि चिकटून बसलेल्या कापडाला बुरशी धरते. कापड कुंडीला गुंडाळूच नका. कुंडी दोन विटांवर ठेवा, खाली खोल थाळी, आणि सगळं एका मोठ्या बुट्टीत, म्हणजे टोपलीत बसवा. बुट्टी आणि कुंडी यांच्यामध्ये दोन बोटं हवा खेळली पाहिजे. कापड बांधायचं ते बुट्टीला. पाणी घालताना कुंडी बाहेर न्या, खालून वाहीपर्यंत घाला, तासभर निथळू द्या, मग आत. उघड्या बुंध्यापुढे लाल पॉइन्सेटियाच्या दोन लहान कुंड्या ठेवल्या की रिकामं दिसत नाही. तिचा चीक मात्र मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

प्रश्न : माळेची वायर घेराखालून न्यावी का?
– एक वाचक, चिकोडी

उत्तर : वायर नेली तर चालेल, तीही प्लास्टिकच्या कोरड्या झाडाखालून. ॲडॉप्टर आणि एक्स्टेंशन बोर्ड कापडाखाली कधीच नको, ते तापतात. बादलीतलं किंवा कुंडीतलं झाड असेल तर बोर्ड जमिनीवर न ठेवता स्टुलावर ठेवा, पाणी घालण्याआधी बटण बंद.

प्रश्न : येशूजन्माचा गोठा झाडाखाली मांडला की मूर्ती कलंडतात. शाडूच्या आहेत.
– एक वाचक भगिनी, नंदगड

उत्तर : कापडावर गोठा स्थिर राहत नाही. घेरावर आधी जेवणाचा पाट ठेवा आणि गोठा पाटावर मांडा. त्यामुळे शाडू ओलीपासूनही दूर राहतो. कच्च्या शाडूला पाण्याचा एक ओघळही पुरतो, म्हणून जिवंत झाड असेल तर पाट बादलीपासून निदान हातभर पुढे घ्या. पाटाची जागा आधी ठरवा आणि भेटवस्तू उरलेल्या बाजूंना रचा, जड खोकी खाली. मेंढपाळ गोठ्याजवळ, बाळ येशूला भेटायला येणारे तिन्ही राजे घेराच्या दूरच्या कडेला. बाळ येशूची गव्हाणी 24 च्या मध्यरात्रीपर्यंत रिकामी ठेवतात, तोवर मूर्ती कपाटात कापडात गुंडाळून ठेवा. राजांना रोज थोडंथोडं पुढे सरकवायचं काम मुलांकडे द्या, 6 जानेवारीला ते गोठ्याशी पोहोचले पाहिजेत. झाड त्यानंतरच उतरवा.