नव्या वेगवान लॅपटॉपला साजेसा राउटर कोणता घ्यावा?

आपण लिहिले आहे की, वाय-फाय 6 असलेला नवा लॅपटॉप घेतला, घरी 300 एमबीपीएसचा (सेकंदाला 300 मेगाबिट वेगाचा) फायबर प्लॅन आहे, तरीही वेग शंभराच्या पुढे सरकत नाही, आणि दुकानदार आठ अँटेनांचा राउटर घ्या म्हणतो. अजून पैसे दिले नसतील तर थांबा. शंभराच्या जरा खाली अडकलेला वेग हा बहुतेक वेळा वायरीचा किंवा पोर्टचा दोष असतो, राउटरच्या वयाचा नव्हे. आमच्या घरात याच मुद्द्यावरून झालेला वाद अद्याप मिटलेला नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही नाशिकला पंचवटीत जुन्या वाड्यात राहतो. अंबड औद्योगिक वसाहतीतील लहान कारखान्यांसाठी मी घरूनच यंत्रभागांची ड्रॉइंग तयार करते. फाइली जड असतात आणि कारखान्याला त्या संध्याकाळच्या आत हव्या असतात, म्हणून मी चांगला लॅपटॉप घेतला. लॅपटॉप भराभर चालू लागला, पण स्पीड टेस्ट दर वेळी 94 वर येऊन थांबे. तेव्हा माझे दीर म्हणाले, “वहिनी, एवढा महागाचा लॅपटॉप घेतलात आणि राउटरला हात आखडता घेता?” मी त्यांना सांगितले की, भावजी, हा आकडा कधी 60, कधी 110 असा वरखाली होत नाही, नेमका 94 वरच ठाण मांडून बसतो, तेव्हा आधी तो कुठून येतो ते पाहू. शंभर एमबीपीएसच्या इथरनेट (म्हणजे वायरीच्या) जोडणीतून वरखर्च वजा जाता प्रत्यक्षात साधारण 94 ते 95 एवढेच हाती लागते, हे मला कामामुळे ठाऊक होते. त्यांनी ते मनावर घेतले नाही आणि त्याच संध्याकाळी महात्मा गांधी रोडवरून आठ अँटेनांचा राउटर घेऊन आले.

नवा राउटर लावला, आकडा 94. मग भावजींनी कंपनीला दोष दिला. मी फायबरच्या डब्यापासून राउटरपर्यंत आलेली वायर काढून तिचा पारदर्शक जॅक खिडकीतल्या उजेडात धरला. आत आठ तारा असायला हव्यात, तिथे चारच होत्या: नारिंगी आणि हिरव्या रंगाच्या जोड्या. निळी आणि तपकिरी जोडी वायरीच्या बाहेरच्या आवरणावर मागे गुंडाळून कापलेली होती. जोडणी करणाऱ्या माणसाने वेळ वाचवण्यासाठी चार तारांवर भागवले होते. चार तारांवर शंभर एमबीपीएस चालतात, गिगाबिटला, म्हणजे हजार एमबीपीएसला, आठही तारा लागतात. वायर गिगाबिट पेलणाऱ्या चांगल्या कॅट 5ई प्रकारची होती, दोष केवळ दोन्ही टोकांच्या क्रिंपिंगमध्ये, म्हणजे जॅकमध्ये तारा दाबून बसवण्यात होता. दुसऱ्या कारागिराकडून आठही तारा बसवून घेतल्या आणि आकडा पावणेतीनशेच्या पुढे गेला.

यानंतर मी जे केले ते घरात कोणी लक्षात ठेवलेले नाही. मी जुना राउटर पुन्हा लावला आणि त्याच खोलीत, त्याच टेबलावर वेग मोजला. फरक नावालाच होता, आणि तो नसणारच. आमचा जुना राउटर वाय-फाय 5 चा, म्हणजे 6 च्या आधीच्या पिढीचा, पण गिगाबिट पोर्ट असलेला आहे. दोन अँटेनांच्या लॅपटॉपशी तो 867 एमबीपीएसची जोडणी करतो, त्यातून प्रत्यक्ष निम्मे-अधिक मिळाले तरी 300 चा प्लॅन आरामात भागतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत झाली होती. तरीही दर गणपतीत पाहुण्यांसमोर भावजी सांगतात की, त्यांनी राउटर आणला म्हणून वहिनींचे काम सुरळीत झाले. ते वयाने लहान आहेत, मनाने चांगले आहेत, आणि म्हणूनच मला ते अधिक लागते. बाईने दोष शोधला आणि पुरुषाने डबा आणला, तर लोकांच्या लक्षात डबाच राहतो.

आता आपल्या प्रश्नाकडे येते. राउटरच्या अगदी जवळ बसून विंडोजच्या सेटिंगमध्ये वाय-फायच्या गुणधर्मांत लिंक स्पीड, म्हणजे लॅपटॉप आणि राउटर यांच्यातल्या जोडणीचा वेग, पाहा. तिथे 867 किंवा 1201 दिसत असेल आणि स्पीड टेस्ट 94 देत असेल, तर अडचण हवेत नाही, वायरीत किंवा पोर्टमध्ये आहे. बरेच स्वस्त राउटर “1200” असे मिरवतात आणि त्यांचे पोर्ट शंभराचेच असतात. आपला तसा असेल तर तो अवश्य बदला. लिंक स्पीड 144 किंवा त्याहून कमी असेल, तर लॅपटॉप बहुधा वाय-फायच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या संथ पट्टीवर अडकला आहे, त्याला 5 गिगाहर्ट्झच्या वेगवान पट्टीवर आणा.

खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका. “एएक्स” ही वाय-फाय 6 ची खूण, आणि “एएक्स 1500” म्हणजे 1201 अधिक 300, अशी दोन पट्ट्यांची बेरीज असते, आणि आपला लॅपटॉप एका वेळी त्यातली एकच पट्टी वापरतो. “एएक्स 3000” मधले 2402 मिळण्यासाठी लॅपटॉपच्या वाय-फाय कार्डाला चॅनेलची 160 मेगाहर्ट्झची रुंदी झेपावी लागते. आठ अँटेनांबद्दल एवढेच म्हणते की, बहुतेक लॅपटॉपांमध्ये दोनच अँटेना असतात. घ्यायचाच असेल तर सर्व पोर्ट गिगाबिट असलेला एएक्स 1500 आपल्या प्लॅनला पुरेसा आहे. 300 च्या प्लॅनसाठी वाय-फाय 7 वर पैसे घालणे मला मुळीच पटत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. माझी नणंद गंगापूर रोडला मोठ्या इमारतीत राहते, तिथे शेजाऱ्यांच्या वाय-फायची लांबलचक यादी दिसते. 2.4 गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न येणारे चॅनेल 1, 6 आणि 11 असे तीनच, त्यामुळे तिच्या एकपट्टी (केवळ 2.4 च्या) राउटरवर संध्याकाळी व्हिडिओ कॉल तुटतात. घरात टीव्ही, कॅमेरे आणि मुलांचे फोन एकाच वेळी चालू असतात. तिच्यासारख्या घराला वाय-फाय 6 चा राउटर खरोखर उपयोगी पडेल, आणि भावजींनी आणलेला राउटर तिला द्यावा असे मी कधीपासून सांगते आहे. आपली इमारतही तशीच दाट वस्तीत असेल, तर माझा वरचा सल्ला थोडा सैल करून घ्या.

आणि घर आमच्यासारखे हातभर जाडीच्या भिंतींचे असेल, तर 5 गिगाहर्ट्झ दुसऱ्या भिंतीपलीकडे फारसे पोहोचत नाही, मग राउटर कितीही किमतीचा असो. आमच्या माडीवर मी जुना राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट (वायरीने आलेले इंटरनेट तिथे वाय-फायवर देणारा डबा) करून ठेवला आहे, खालून तिथवर वायर नेली आहे, आणि त्या वायरीच्या दोन्ही टोकांना आठही तारा माझ्या देखत बसवून घेतल्या आहेत.