वाचकांचे प्रश्न : जुन्या कोर्टाच्या भिंती

प्रश्न : पोर्तुगीज काळी गोव्यात हायकोर्ट होते का? 'कोमार्क' म्हणजे नेमके काय?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : होते. 'रेलासांव' हे वरिष्ठ न्यायालय 1544 मध्ये स्थापन झाले. कोमार्क म्हणजे न्यायदानाचा विभाग. इल्हास, बार्देस, साष्टी अशा प्रत्येक विभागाला स्वतःचा न्यायाधीश असे. डिसेंबर 1963 मध्ये रेलासांवच्या जागी ज्युडिशियल कमिशनरचे कोर्ट आले. ऑक्टोबर 1982 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ सुरू झाले, आणि 2021 पासून ते पर्वरीच्या नव्या इमारतीत आहे.

प्रश्न : आमच्या गावातली जुनी कोर्टाची इमारत चिऱ्यांची आहे. दोन वर्षांपूर्वी तिला सिमेंटचा गिलावा केला. आता तो फुगून पडतो आहे आणि खालचा दगड हाताला भुगा लागतो. काय करावे?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : दोष दगडाचा नाही, सिमेंटचा आहे. जांभा सच्छिद्र असतो. पायातून आणि कौलांतून आलेली ओल तो शोषून घेतो. चुन्याचा गिलावा ती ओल बाहेर सोडतो, सिमेंट मात्र आतच कोंडते. पाण्याबरोबर आलेले क्षार मग गिलाव्यामागे साचतात, सुकताना त्यांचे स्फटिक होतात आणि चिऱ्याचा पृष्ठभाग फोडतात. यालाच आपण लोणा लागला म्हणतो.

भिंतीला हात लावण्याआधी छप्पर पाहा. सरकलेले कौल आणि तुंबलेली पन्हळ तशीच राहिली, तर पुढचा सगळा खर्च वाया जाईल. भिंतीला टेकून सिमेंटचा कट्टा केला असेल तर तोही काढा.

त्यानंतर बोटाच्या पेराने भिंत ठोकत जा. पोकळ आवाज येईल तिथला गिलावा छन्नी-हातोडीने काढायचा. ब्रेकर मुळीच वापरू नका, धक्क्याने सांधे निखळतात. सैल सांध्यातला भुगा घासून काढा, लोणा कोरड्या ब्रशने झाडा. धुऊ नका, क्षार पुन्हा आत जातात. मग भिंत काही आठवडे उघडी ठेवून सुकू द्या. म्हणून हे काम पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबरनंतरच हाती घ्यावे.

गिलाव्यासाठी भिजवून निदान तीन आठवडे मुरवलेला चुना एक भाग आणि चाळलेली जाड रेती तीन भाग घ्या. खाडीची खारी रेती नको, तिने लोणा परत येतो. भिंत आधी ओली करा. पहिला थर साधारण 10 ते 12 मिलिमीटरचा, दुसरा त्याहून पातळ, शेवटचा 3 मिलिमीटरचा. प्रत्येक थर ओल्या गोणपाटाने झाकून आठवडाभर मंदपणे सुकू द्यावा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, त्याला वेळ लागतो. भर उन्हात घाईने सुकवला तर तडे जातात.

वरून चुन्याचीच सफेदी द्या. प्लास्टिक इमल्शन दिले, तर सिमेंट काढून तुम्ही जी वाट मोकळी केली ती पुन्हा बुजेल.