म्हशाची जत्रा आणि मुरबाडची भातलावणी

प्रश्न : पौषात मुलांना मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेला न्यायचं आहे. गाडी नाही. कसं जावं, काय पाहावं? तिथे घोंगडी घ्यायची तर पारख कशी करावी?
– एक वाचक, घणसोली

उत्तर : मुरबाडला रेल्वे नाही. घणसोलीहून ठाणे, तिथून कल्याण आणि पुढे एसटी. कल्याण-मुरबाड अंतर तीसेक किलोमीटर, पण शहाडच्या पुलावर वाहनं तुंबली की वेळेचा हिशेब कोलमडतो. पहाटेच निघा. म्हशासाठी मुरबाडला गाडी बदलावी लागते.

जत्रा खांबलिंगेश्वराची, म्हणजेच म्हसोबाची. पौष पौर्णिमेला सुरू होते आणि पुढे बरेच दिवस चालते. पौर्णिमेला देवळात रेटारेटी असते. मुलं सोबत असतील तर एखाद-दोन दिवस जाऊ द्या, त्याहून उशीर नको. जत्रेत बैलबाजारही भरतो आणि चांगल्या बैलजोड्या आधी विकल्या जातात. जनावरांत साथ असेल तर बैलबाजार भरत नाही, तेवढी चौकशी निघण्यापूर्वी करा.

बाजारात मुलांना दात पाहणं जरूर दाखवा. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, वय खालच्या दातांवरून ठरतं. दुधाचे दात असेपर्यंत तो आदत. मग कायमचे दात येतील तसा दोन दाती, चार दाती, सहा दाती. आठही आले की जुळला. दात मालकालाच उघडून दाखवू द्या. बैलाच्या मागून जाऊ नका. मुलांना पिपाणी परतीच्या वाटेवरच घेऊन द्या, कानाशी वाजली की बैल बुजतो.

घोंगडीचा एक धागा मालकाला विचारून जाळून पाहा. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गोळी होते. नवी घोंगडी चिंचोक्याच्या खळीमुळे ताठ आणि खरखरीत लागते, तो दोष नव्हे. गार पाण्यात धुऊन सावलीत वाळवा. गरम पाण्यात ती आटते.

प्रश्न : याच फेरीत भाताची लावणी पाहता येईल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. पौषात खाचरांत नुसती धसकटं असतात. पेरणी पहिल्या पावसावर होते आणि रोप तीन-चार आठवड्यांचं झालं की लावणी, म्हणजे बहुतेक जुलैत. रविवार टाळा, त्याच रस्त्याने माळशेजची गर्दी जाते.

शेतकऱ्याला विचारूनच खाचरात उतरा, तेही अनवाणी. पायाला जखम असेल तर बांधाबाहेरच थांबा. चिखलातून लेप्टोची लागण होते. एका चुडात, म्हणजे एका जागी लावायच्या जुडीत, दोन-तीन रोपं, बोटाच्या पेराएवढी खोल. त्याहून खोल गेली तर फुटवे कमी येतात आणि शेतकऱ्याचं नुकसान होतं. ताज्या लिंपलेल्या बांधावर पाय देऊ नका. तो खचला की खाचरातलं पाणी वाहून जातं, आणि पावसाने उघडीप दिली तर ते पुन्हा साठवायला शेतकऱ्याला दिवसेंदिवस वाट पाहावी लागते.