पुराणकथा आणि वकिलाची नजर

प्रश्न : अक्षय्य तृतीयेच्या सुमारास आम्ही चिपळूणजवळच्या परशुराम क्षेत्री गेलो होतो. परतताना घाटात नातवाने विचारले, “आजोबा, परशुरामाने बाण मारल्यावर समुद्र खरेच मागे हटला आणि कोकण तयार झाले का?” मला धड उत्तर देता आले नाही. भारतरत्न पां. वा. काणे याच परिसरातले. त्यांच्यासारखे विद्वान अशा कथांकडे कसे पाहत?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : महामहोपाध्याय काणे यांचा जन्म ७ मे १८८० रोजी पेढे-परशुराम येथे झाला आणि शालेय शिक्षण दापोलीत. व्यवसायाने ते मुंबई उच्च न्यायालयातले वकील होते, आणि माझ्या मते त्यांच्या संशोधनाची किल्ली याच पेशात आहे. ‘व्यवहारमयूख’ या कायदेविषयक जुन्या संस्कृत ग्रंथाच्या आवृत्तीसाठी धर्मशास्त्राचा इतिहास प्रस्तावनेदाखल लिहावा, एवढाच त्यांचा मूळ बेत होता. तो वाढत वाढत पाच खंडांवर आणि सुमारे साडेसहा हजार पृष्ठांवर गेला. पहिला खंड १९३० मध्ये निघाला, त्या वेळी काणे पन्नाशीत होते. शेवटचा भाग १९६२ मध्ये आला तेव्हा ब्याऐंशीचे. व्रते, उत्सव आणि पुराणे यांचा विचार पाचव्या खंडात आहे.

एखाद्या आचाराविषयी कोणता ग्रंथ काय म्हणतो, तो ग्रंथ कोणत्या काळातला आणि नंतरच्यांनी त्यात कोणती भर घातली, हे क्रमाने मांडायचे, ही त्यांची रीत. साक्षीदाराला खोटे ठरवण्याआधी त्याची पूर्ण जबानी नोंदवून घ्यावी, तसे हे आहे. हीच रीत आपण परशुरामाच्या कथेला लावून पाहू. महाभारताच्या शांतिपर्वात कश्यपाला पृथ्वी दान दिल्यावर परशुरामाला दक्षिण समुद्राकडे जावे लागते आणि समुद्र त्याच्यासाठी शूर्पारक देश, म्हणजे अपरान्ताची (पश्चिम किनाऱ्याची) भूमी, निर्माण करतो. बाणाचा तेथे उल्लेख नाही. शूर्पारक म्हणजे आजचे नालासोपारा, जेथे अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे सापडले आहेत. पुढे ‘रघुवंशा’च्या चौथ्या सर्गात, रघूची सेना अपरान्तावर चालून जाते तेव्हा कालिदास म्हणतो की, रामाच्या अस्त्राने हटवलेला समुद्र जणू पुन्हा सह्याद्रीला येऊन चिकटला. (हा राम अर्थातच भार्गवराम, म्हणजे परशुराम.) म्हणजे समुद्र हटवणारे अस्त्र कालिदासाच्या वाचकांना परिचित होते. स्कंदपुराणाचा भाग म्हणवणाऱ्या आणि संशोधक गर्सन द कुन्या यांनी १८७७ मध्ये मुंबईत छापून प्रसिद्ध केलेल्या ‘सह्याद्रिखंडा’त तर या कथेच्या भोवती गावांच्या आणि जातींच्या उत्पत्तिकथांची दाटी झालेली दिसते.

तेव्हा नातवाला सांगावे की, समुद्र हटला की नाही हे या ग्रंथांवरून ठरत नाही, पण आपली किनारपट्टी समुद्राकडून मिळालेली आहे ही समजूत फार जुनी आहे आणि ती सोपाऱ्यापासून खाली कशी वाढत आली, ते दाखवता येते. भूशास्त्राचा ओढूनताणून दाखला देऊन कथा ‘सिद्ध’ करण्याची हल्ली हौस आहे. तिच्या नादी लागू नये.

प्रश्न : काणे यांचा ग्रंथ मराठीत वाचता येईल का?
— एक वाचक, दापोली

उत्तर : मूळ ग्रंथ इंग्रजीत आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने त्याचा सारांशरूप मराठी ग्रंथ काढलेला आहे. सुरुवात व्रते आणि उत्सवांपासून करावी. घरात पाळल्या जाणाऱ्या कितीतरी गोष्टी तेथे भेटतात.